फ्लॅशने काय उजेड पाडला?

‘फ्लॅश न वापरता काढलाय हं,’ असं फोटो दाखवताना आवर्जून सांगायची एक रीत पडली आहे. घरच्या लोण्याचं तूप आहे, डालडा नाही, या चालीवर. दिल्लीत लग्नाच्या फोटोंचा व्यवहार ठरवायला बसलात तर ‘कॅन्डिड’ म्हणजे बिनफ्लॅशचं आणि ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे फ्लॅशचं, अशी वर्णव्यवस्थाच समजावून दिली जाते. पहिल्या वर्णाचा भाव अर्थातच जास्त. चांदणी चौकात कूचा चौधरीच्या फोटो मार्केटात नवा कॅमेरा घ्यायला आलेली मुलं लेन्सवर दोन-दोन महिन्यांचा पगार घालतात आणि फ्लॅशकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : फ्लॅश कृत्रिम आहे, तो चेहरा सपाट करतो, वातावरण मारून टाकतो, माणसांना दचकवतो, आणि आता कॅमेऱ्यांना अंधारातही दिसू लागल्यामुळे त्याची गरजही उरलेली नाही.

यातलं प्रत्येक विधान कुठे ना कुठे खरं आहे. त्यांची बेरीज मात्र चुकते.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायला हवा, कारण हे मत केवळ अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्यांचं नाही. त्यामागे आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांच्यासारखे थोर छायाचित्रकार उभे आहेत. १९५२च्या ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ या पुस्तकात कार्तिये-ब्रेसाँ यांनी फ्लॅश वर्ज्य ठरवला, तो प्रत्यक्ष असलेल्या प्रकाशाच्या आदरापोटी, मग तो प्रकाश नसल्यात जमा का असेना. आणि या मताचा सगळ्यात बोलका पुरावा दिल्लीतलाच आहे. ३० जानेवारी १९४८ची संध्याकाळ, बिर्ला हाउस. गांधीजींचा देह आत ठेवलेला. ‘लाइफ’ नियतकालिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट त्या खोलीत शिरल्या, त्यांनी फ्लॅश उडवला आणि शोकात बसलेली माणसं संतापली. बर्क-व्हाइट यांना बाहेर काढण्यात आलं, त्यांची फिल्म वाया घालवण्यात आली, असं सांगतात. कार्तिये-ब्रेसाँ त्याच दुपारी गांधीजींना भेटून गेले होते. बातमी कळताच ते परत आले आणि आपला छोटा लायका कॅमेरा घेऊन, आहे त्या उजेडात, कुणाला न खुपता काम करत राहिले. फाटकाशी उभे राहून गांधीजी गेल्याचं सांगणाऱ्या नेहरूंचं त्यांनी टिपलेलं चित्र अंधुक आहे, हललेलं आहे, आणि त्या अंधुकपणातच त्या रात्रीचा सगळा भार आहे. फ्लॅशने ते चित्र मेलं असतं, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

आता दोन वर्षं मागे आणि दिल्लीहून पुण्याला जाऊ. १९४६. त्याच बर्क-व्हाइट, तेच गांधीजी, तोच फ्लॅश. गांधीजींना तो प्रखर उजेड सोसत नसे. त्यांच्या सचिवांनी बर्क-व्हाइट यांना अट घातली की आधी चरखा चालवायला शिका. मग मोजून तीन बल्ब मिळतील. त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं आहे की पहिला बल्ब शटरशी जुळलाच नाही, कारण इथल्या उष्ण, दमट हवेने यंत्रं कुरकुरू लागली होती. बल्ब वाचवावेत म्हणून तिपाईवर कॅमेरा ठेवून बिनफ्लॅशचे काही फोटो घेऊ म्हटलं, तर तिपाईचे पायच अडकून बसले, एक आखूड, दोन लांब. दुसऱ्या बल्बच्या वेळी सगळं जमून आलं, पण फिल्मपुढची झडप काढायची राहून गेली. तिसरा साधला. चरखा पुढे आणि गांधीजी मागे वाचत बसलेले, हे जगभर पोचलेलं चित्र त्याच भेटीतलं.

पुण्यात आणि बिर्ला हाउसमध्ये फ्लॅश तोच होता. फरक होता तो विचारण्याचा. एका ठिकाणी परवानगी होती, बल्बांची संख्या ठरलेली होती, आणि त्याआधी सुताच्या चार धाग्यांचे कष्ट होते. दुसऱ्या ठिकाणी यातलं काहीच नव्हतं. तेव्हा बिर्ला हाउसच्या प्रसंगाने आगंतुकपणाचा दोष सिद्ध होतो, फ्लॅशचा नाही. आगंतुकपणा मोबाइलनेही करता येतो, आणि स्मशानातसुद्धा तो बिनफ्लॅशचा चालू असतो.

याला आणखी एक साक्ष आहे, आणि तीही दिल्लीची. होमाई व्यारावाला मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकल्या, १९४२मध्ये दिल्लीला आल्या आणि १९७०पर्यंत इथे वृत्तछायाचित्रं काढत राहिल्या. साडी नेसलेली बाई, हातात स्पीड ग्राफिकसारखं धूड, त्याच्या बाजूला फ्लॅशची वाटी. त्या काळी एका बल्बमध्ये एकच फोटो निघे. तो जळाला की गरम बल्ब काढायचा आणि नवा बसवायचा. फिल्मची संवेदनशीलताही आजच्या हिशेबाने आयएसओ शंभर-दोनशेच्या घरातली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या बंद खोल्यांतल्या बैठका आणि रात्रीच्या मेजवान्या अशा फिल्मवर उतरवायच्या म्हणजे बल्बाला पर्याय फारसा नव्हताच. पण बाईंच्या आठवणींत भर आहे तो उपकरणांवर नाही, रीतीवर : कपडे कसे असावेत, किती जवळ जावं, कधी थांबावं. ती रीत सुटली, हे त्यांनी काम सोडण्याचं एक कारण सांगितलं. आणि त्यांचं टोपणनाव काय होतं? ‘डालडा १३’! जन्मसाल आणि मोटारीचा नंबर यांतून झालेली ती गंमत. तूप आणि डालडा यांचा निवाडा देताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

राहिला ‘नैसर्गिक’ हा शब्द. तो सूर्यासाठी वापरला तर समजू शकतो. पण बिनफ्लॅशचा म्हणून मिरवला जाणारा फोटो पाहावा तर तो बहुधा कुठल्या तरी बँक्वेट हॉलमधला असतो. तिथला उजेड निसर्गाने दिलेला नसतो, डेकोरेशनवाल्याने दिलेला असतो : वर जांभळा एलईडी, बाजूला गुलाबी, मंचावर व्हिडिओवाल्याचा सनगन. नवरीचा एक गाल वांग्यासारखा आणि दुसरा गाजरासारखा दिसतो. याला ‘वातावरण जपलं’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. मी याला दुसऱ्याच्या हातातल्या दिव्यापुढे मान तुकवणं म्हणतो.

आणि असलेल्या उजेडाचा आदर करायचा, पण तो उजेड कुणाकुणाच्या वाट्याला येतो, हेही विचारायला हवं. जर्मनीत १८८७मध्ये मॅग्नेशियमची झगझगणारी पूड निघाली आणि न्यूयॉर्कमधल्या जेकब रिस नावाच्या वार्ताहराने ती उचलली. गरिबांच्या चाळींत, तळघरांत, एकेका खोलीत दाटीने झोपलेल्या माणसांत तो ती पूड उडवत गेला. एकदा तर त्याच्याकडून आगही लागली. १८९०मध्ये त्याचं ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक आलं आणि शहराला आपलंच अंधारातलं अर्धं अंग दिसलं. रिसही न विचारता शिरे, दचकलेल्या माणसांचे फोटो काढी, म्हणजे माझ्याच कसोटीला तो पुरता उतरत नाही. पण उपलब्ध प्रकाशावर अढळ निष्ठा ठेवली असती तर त्या खोल्या काळ्याच राहिल्या असत्या.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. फ्लॅश चेहरा सपाट करतो. करतोच, पण कुठे ठेवला असता? कॅमेऱ्याच्या माथ्यावर. डोळ्याच्या रेषेतूनच उजेड टाकला तर सावल्या वस्तूच्या मागे लपतात, आणि सावली गेली की नाक, गाल, हनुवटीची गोलाई जाते. हा भूमितीचा नियम आहे. त्याच जागी सूर्य आणून ठेवला तरी तो तेच करील. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : टेंभा मिरवणे. दिवटी धरणारा मात्र कधी समोर डोळ्यांवर दिवटी धरत नसे. तो बाजूने चालायचा. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते रविवर्म्याचं समजून पाहणारे अजूनही भेटतात. जलरंगातली ती स्त्री एका हातात दिवा धरते आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्याआड करते. ज्योत आपल्याला दिसतच नाही. बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड आणि खालून उजळलेला चेहरा तेवढा दिसतो. फ्लॅश शिकवणारे आजचे लोक जे दोन धडे आधी देतात, दिवा कॅमेऱ्यापासून दूर ने आणि त्याला आडोसा कर, ते त्या चित्रात कोणत्याही ट्रिगरशिवाय मिळतात.

‘पण मागचं सगळं काळं होतं,’ अशी पुढची शंका. इथे वर्गव्यस्त नियम आडवा येतो. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. माणूस फ्लॅशपासून एक मीटरवर आणि भिंत चार मीटरवर असेल तर भिंतीला सोळावा हिस्सा मिळतो. ती काळी पडणारच. तोच फ्लॅश माणसापासून चार मीटर आणि भिंतीपासून सात मीटर अंतरावर नेला तर भिंतीला जवळजवळ तिसरा हिस्सा पोचतो. गणेशोत्सवातल्या समूहचित्रात पहिली रांग पिठात लोळलेली आणि शेवटची कोळशाच्या वखारीतली दिसते, ती याच गणितामुळे. उपाय जास्त पॉवरचा नाही. फ्लॅश लांब आणि उंच नेणं, नाहीतर पांढऱ्या छतावर उडवून परतवणं, हा आहे. शिवाय शटरचा वेग हा मागच्या उजेडाचा नळ आहे. फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागात, किंवा त्याहूनही लवकर, विझते, त्यामुळे शटर साठांश सेकंद उघडं राहिलं काय किंवा पंधरांश राहिलं काय, फ्लॅशला त्याचं सोयरसुतक नसतं. शटर मंद केलं की चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच राहतो आणि मागची समई, तोरणं, दिव्यांच्या माळा हळूहळू उगवतात. वातावरण मारतो तो फ्लॅश नाही, स्वयंचलित बटण.

आयएसओवाल्यांचं उत्तर याच्याच पोटात आहे. आजचा कॅमेरा ६४०० आयएसओवर स्वच्छ चित्र देतो, मोबाइल ‘नाइट मोड’मध्ये अनेक फ्रेमा एकावर एक रचून रात्रीची दुपार करतो. मान्य. पण संवेदनशीलता वाढवली की असलेला उजेड सगळीकडे सारखाच वाढतो. तो कुठून येतो, हे तसूभरही बदलत नाही. डोक्यावरच्या बल्बने डोळ्यांखाली पाडलेले खड्डे ६४००वर अधिक स्वच्छ दिसतात, इतकंच. फ्लॅशकडे प्रमाण म्हणून पाहणाऱ्याला तो आज निरुपयोगी वाटणं साहजिक आहे. तो दिशा आहे, हे एकदा कळलं की त्याचं खरं ठिकाण अंधार नसून सावली आहे, हेही कळतं.

म्हणून माझा सल्ला लोकांना चमत्कारिक वाटतो : फ्लॅश शिकायचा तर रात्री नको, भर दुपारी शिका, आणि त्यासाठी दिल्लीसारखं गाव नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने मुंबईसारखा सूर्य इथे कधी ठार डोक्यावर येत नाही. पण २१ जूनच्या मध्यान्ही तो क्षितिजापासून जवळपास ८५ अंश चढतो. लोदी गार्डनमध्ये त्या वेळी कुणाला उभं करा. भुवईची सावली थेट गालावर उतरते, डोळ्यांच्या जागी दोन विवरं, नाकाखाली हिटलरची मिशी. ‘नैसर्गिक प्रकाश’ म्हणतात तो हा. बिनफ्लॅशवाले अशा वेळी संध्याकाळची वाट पाहतात. पाहावी, पण पाहुणे आग्र्याला जायला निघालेले असतात.

हिशेब करून दाखवतो. आयएसओ १००, शटर एक-दोनशांश, एफ ११ : हे कडक उन्हाचं माप झालं. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश आणि शटर यांची जोडी एक-दोनशांश ते एक-अडीचशांशपर्यंतच जमते, म्हणून शटर तिथेच ठेवायचं. मध्यम फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचं माप, मीटरमध्ये ३६ धरा. त्याला छिद्राच्या आकड्याने, म्हणजे ११ने भागलं की सव्वातीन मीटर येतात : त्या अंतरावर पूर्ण शक्तीचा हा खिशातला दिवा चक्क सूर्याची बरोबरी करतो. बरोबरी आपल्याला नकोच आहे. पाव शक्तीवर आणा, अंतर तेवढंच ठेवा. आता तो सूर्याच्या चौथ्या हिश्शाइतका उजेड टाकतो. विवरांत डोळे दिसू लागतात, ऊन उन्हासारखंच राहतं आणि फ्लॅश वापरल्याचा संशयही येत नाही. चांगल्या कामाला दाद न मिळणं हे फ्लॅशचं जुनंच दुर्दैव. जिथे तो चुकला तिथेच तो दिसतो, म्हणून लोकांना वाटतं की तो नेहमी चुकतोच.

माझ्या बाजूच्या उणिवा लपवून ठेवल्या तर हे खंडन-मंडन राहणार नाही, जाहिरात होईल. डिसेंबर-जानेवारीच्या दिल्लीतल्या धुक्यात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश शुद्ध मूर्खपणा आहे. धुक्यात हाय बीम लावून गाडी चालवणाऱ्याला समोर पांढरी भिंत दिसते, तसंच. तोच फ्लॅश माणसाच्या मागे ठेवून कॅमेऱ्याकडे तोंड केला तर धुकंच उजळतं, पण तो उद्योग गारठलेल्या बोटांनी करायचा असतो. पक्ष्यांच्या घरट्यावर फ्लॅश उडवू नये, यात वादाला जागा नाही. आणि छतावरून उजेड परतवण्याचा मंत्र आंधळेपणाने म्हणू नये, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. नोएडातल्या एका सोसायटीत आमच्या भाचीची हळद होती. सगळा मांडव पिवळ्याधमक कापडाचा. मी ऐटीत फ्लॅश वर वळवून शंभरेक फोटो काढले. कापडाने आपला रंग इमानदारीने सगळ्यांच्या तोंडावर उतरवला. संध्याकाळी आत्याने ते पाहिले आणि म्हणाली, ‘अरे, नवरीला हळद लागायच्या आधी आपल्या सगळ्यांना कावीळ झाली होती का?’

आरतीच्या वेळचं माझं मत अजून डळमळीत आहे. फ्लॅशचा उजेड सुमारे ५५०० केल्विनचा, थंड. निरांजनाचा त्याहून कितीतरी तांबूस. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जिलेटिनचा तुकडा लावला, शक्ती अगदी कमी केली आणि तो निरांजनाच्याच बाजूने टाकला, तर तबकाचाच उजेड चेहऱ्यावर थोडा दाटल्यासारखा वाटतो. हे जमतं. जमलं तरी करावंच का, हा प्रश्न उरतो, आणि तिथे मी पुण्याच्या त्या तीन बल्बांकडे पाहतो : विचारतो, मिळाले तर दोन-तीन फोटो घेतो, मग टाळ घेऊन उभा राहतो.

शिकायला माणूस लागत नाही. माणसं कंटाळतात आणि आपल्या चुकांना हसतात. एक असोला नारळ आणा, गच्चीवर स्टुलावर ठेवा. फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवून एक फोटो घ्या : तपकिरी चकती मिळेल. मग स्वस्तातला ट्रिगर लावून फ्लॅश हातभर डावीकडे, जरा वर धरा : सोडणाचा एकेक धागा उभा राहील, गोलाई येईल. मग मध्ये पांढरी चादर ताणा आणि धाग्यांच्या सावल्या कशा मऊ होतात ते पाहा. मग उजवीकडे थर्माकोलचा तुकडा उभा करा. एका रविवारी एवढं झालं की नारळ फोडून खायला हरकत नाही.

मला स्वतःला हे सगळं शिकवलं ते कुठल्या पुस्तकाने नाही, दिल्लीच्या वरातींनी. नोव्हेंबरात रस्ते अडवून चाललेल्या त्या वराती पाहिल्यात? घोडीच्या दोन्ही अंगांनी दिव्यांची झुंबरं खांद्यावर घेऊन माणसं चालतात, तारांनी एकमेकांना जोडलेली, मागे हातगाडीवर जनरेटर. दोन्ही बाजूंनी, थोडा उंचावरून उजेड. नवरदेव कसाही असो, त्या उजेडात राजबिंडा दिसतो. एकदा करोल बागेत माझ्या फ्लॅशच्या बॅटऱ्या ऐन वेळी मान टाकून बसल्या. मी दिवेवाल्या एका पोरगेल्या माणसाला म्हटलं, ‘भैया, दो कदम पीछे.’ तो हटला, आणि नवरदेवाच्या गालावर हवी तेवढी सावली बरोबर उतरली. मनासारखा फोटो मिळाला. मग लक्षात आलं की ज्याने उजेड दिला त्याचा स्वतःचा चेहरा झुंबराखाली पार काळोखात आहे. दिव्याखाली अंधार, अक्षरशः. खिशात दोन जुन्या बॅटऱ्या सापडल्या. फ्लॅश डाव्या हातात लांब धरला, बत्तिसाव्या हिश्शावर आणला आणि त्याला विचारलं, ‘आपकी ले लूँ एक?’ त्याने खांद्यावरचं झुंबर जरा सावरलं, मोकळ्या हाताने केस मागे सारले आणि म्हणाला, ‘लो, पर जल्दी, बारात आगे निकल जाएगी.’